खर्डा, सोनई आणि फितूर साक्षीदार: खटला नेमका कुठे ढासळतो?

प्रवराकाठ (धागाकर्ता)

२३ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या जिल्हा न्यायालयाने खर्डा प्रकरणातल्या आरोपींची निर्दोष मुक्तता केली. आठवडाही उलटला नव्हता, तोच २९ नोव्हेंबरला त्याच शहरात कोपर्डीच्या बलात्कार-खून खटल्यातल्या तिन्ही आरोपींना फाशी सुनावली गेली. पुढच्याच जानेवारीत नाशिकच्या सत्र न्यायालयाने सोनईच्या तिहेरी हत्याकांडात सहा जणांना फाशी दिली. तिन्ही गुन्हे एकाच जिल्ह्यातले, तिन्ही निकाल दोन महिन्यांच्या आत. तरी एका आईबापाच्या पदरात काहीच पडलं नाही. असं का झालं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. म्हणून हा धागा.

मी फौजदारी वकिली करतो आणि बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने उभा राहतो. त्यामुळे सरकार पक्षाच्या खटल्याला भोकं कुठे पडतात ते मला जवळून दिसतं. ते मोकळेपणाने लिहितो.

खर्डा हे जामखेड तालुक्यातलं गाव. २८ एप्रिल २०१४ ला सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलला म्हणून शाळेच्या आवारातून मारत नेलं आणि जीव घेतला, असा आरोप होता. दिवसाउजेडी, शाळेच्या वेळेत घडलेली गोष्ट. बघणारे कमी असणार नव्हते. पण खटला उभा राहिला तेव्हा महत्त्वाचे साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. शाळेतली माणसंही त्यात होती. 'मी काही पाहिलं नाही', 'पोलिसांनी काय लिहिलं मला माहीत नाही'. एवढ्यावर न्यायाधीश शिक्षा देऊ शकत नाहीत, देऊही नये.

आता सोनई. १ जानेवारी २०१३, नेवासा तालुका. मेहतर समाजातल्या तीन तरुणांना संडासाची टाकी साफ करायच्या निमित्ताने वस्तीवर बोलावून घेतलं आणि मारलं. हत्या पाहिलेला एकही साक्षीदार नव्हता. तरीही शिक्षा झाली. खटला नेवाशातून नाशिकला हलवला होता आणि सगळी भिस्त परिस्थितीजन्य पुराव्यावर होती: कोणी बोलावलं, शेवटचे कोणाबरोबर दिसले, प्रेतं कुठून निघाली, हत्यारं कुठून निघाली. अशा पुराव्याची साखळी कशी हवी याचे पाच निकष सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये घालून दिले, तेही आपल्या पुण्याच्याच एका प्रकरणात, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्या कसोटीवर साखळीची एक कडी निसटली तरी आरोपी सुटतो. सत्र न्यायालयाच्या मते सोनईत ती निसटली नाही.

म्हणजे ज्या गुन्ह्याला बघणारं गाव होतं तो कोर्टात टिकला नाही आणि जो कोणीच पाहिला नव्हता तो टिकला. माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे तपास अजूनही 'कोणी पाहिलं का?' या एका प्रश्नावर उभा राहतो, आणि ज्याने पाहिलं त्याला मात्र सरकार गावात एकटं सोडून देतं. ज्याला उद्या त्याच विहिरीवर, त्याच सोसायटीत, त्याच बाजारात जायचं आहे, त्याच्या जिभेवर सगळा खटला टांगायचा आणि तो बदलला की त्याला शिव्या घालायच्या, हे मला पटत नाही.

कायद्याची एक बाजू बऱ्याच जणांना माहीत नसते. पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतच नाहीत, तशी मनाई आहे. तो जबाब पुरावा म्हणून वाचता येत नाही, फक्त साक्षीदाराला खोडून काढायला वापरता येतो. दंडाधिकाऱ्यासमोर शपथेवर दिलेला जबाब वेगळा, त्याला वजन असतं. पूर्वी हा जबाब (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ चा) घ्यायचा की नाही हे बरंचसं तपास अधिकाऱ्यावर होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ नुसार दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्याने नोंदवायचाच आहे. हा बदल मला मनापासून आवडला. घटनेनंतर चार-आठ दिवसांत माणूस खरं बोलतो. चार वर्षांनी त्याच्या घरी दहा माणसं येऊन गेलेली असतात.

जप्ती-पंचनाम्याला साक्षीदार म्हणून घेतलेल्या पंचांचा विषय तर फारच वाईट. उलटतपासात माझे प्रश्न ठरलेले असतात. सही कुठे केली? पोलीस स्टेशनात. तुम्ही गेलात तेव्हा कागद लिहिलेला होता? हो. वाचून दाखवला? नाही. कोयता तुमच्यासमोर काढला? आम्ही गेलो तेव्हा टेबलावर होता. संपलं. आरोपीने दाखवलेल्या जागेवरून हत्यार निघालं, हा सरकार पक्षाचा सगळ्यात भक्कम पुरावा या चार उत्तरांत जमीनदोस्त होतो. माझा अशील सुटतो, माझं काम मी चोख केलेलं असतं, आणि बाहेरच्या बाकावर मयताची बायको बसलेली असते. तिला काय सांगायचं याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

तुमचे अनुभव लिहा. पोलीस खात्यातल्या, प्रयोगशाळेतल्या, कधी पंच म्हणून गेलेल्या लोकांनी जरूर लिहा.

---

सह्याद्री_८२

लेख उत्तम, पण साक्षीदारांबद्दल तुम्ही फार मऊ आहात. कोर्टात शपथ घेऊन खोटं बोलणं गुन्हा आहे ना? मग दहा-वीस जणांना आत टाका. पुढच्या गावात कोणी फितूर होणार नाही.

---

प्रवराकाठ

@सह्याद्री, तरतूद आहे. कोर्टाला तिथल्या तिथे तीन महिन्यांपर्यंत शिक्षा देता येते, रीतसर खटला चालवला तर त्याहून जास्त. पण त्याने काय साधतं ते गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी खटल्यात दिसलं. २००३ मध्ये बडोद्यात साक्षीदार फिरले आणि सगळे २१ आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेरखटला महाराष्ट्रात चालवायला सांगितला. मुंबईत २००६ ला नऊ जणांना जन्मठेप झाली. आणि जिच्या तक्रारीवर सगळं उभं होतं त्या मुलीला, पुन्हा पुन्हा जबाब बदलल्याबद्दल, एक वर्षाची कैद झाली. तिच्या घरची माणसं त्या बेकरीत जळाली होती. तिच्यावर दबाव आणणारे किती जण आत गेले? साक्षीदाराला धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते कलम लावलेलं मी क्वचितच पाहतो. आधी ते लावा, मग फितुराकडे वळा.

---

हवालदार_निवृत्त

वकीलसाहेब, पंचांबद्दल लिहिलंत ते खरं आहे, पण आमची बाजूही ऐका.

रात्री अडीचला खून कळतो. ठाण्यात ठाणे अंमलदार, एक रायटर आणि दोन शिपाई. साहेब बंदोबस्तावर. घटनास्थळी पोचेपर्यंत अर्धं गाव प्रेताभोवती फिरून गेलेलं असतं, कोणी पाणी पाजलेलं असतं, कोणी चादर टाकलेली असते, चपलांचे ठसे एकावर एक. त्या वेळी 'दोन प्रतिष्ठित पंच' कुठून आणायचे? दार वाजवलं की लोक आतून कडी लावतात. मग चहावाला, रिक्षावाला, ज्याचं ठाण्यात येणंजाणं आहे असा कोणीतरी. तोच पंच चार गुन्ह्यांत दिसला की तुम्ही म्हणता, हा पोलिसांचा ठरलेला पंच. बरोबरच म्हणता.

नंतर शासनाने गंभीर गुन्ह्यांत सरकारी नोकर पंच घ्यायला सांगितलं, त्याने खूप फरक पडला. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. हे सहसा फिरत नाहीत, नोकरी असते. पण कार्यालयाला पत्र द्या, साहेबाची परवानगी, गाडी नाही, माणूस यायला दुपार होते.

आणि तपास म्हणजे एकच काम नसतं. हातात एका वेळी पंधरा-वीस गुन्ह्यांची कागदपत्रं, वर गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, मोर्चा. तपासाला वेगळी माणसं आणि बंदोबस्ताला वेगळी, ही मागणी मी नोकरीला लागलो तेव्हाची. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात तेच सांगितलं. ठाण्यापर्यंत ते पोचलं नाही. खटला उभा राहतो तोवर तपास अधिकारी तीन जिल्हे फिरलेला असतो. समन्स जुन्या पत्त्यावर जातं, तारीख पडते.

चांगली गोष्टही सांगतो. कोर्टात पैरवी अधिकारी (खटल्याचा पाठपुरावा करणारा पोलीस) नेमायला लागल्यापासून साक्षीदाराला आदल्या दिवशी फोन जातो, त्याला त्याचा जबाब आठवतो का ते बघितलं जातं. पूर्वी माणूस थेट पिंजऱ्यात उभा राहायचा आणि घाबरून गप्प व्हायचा.

---

विदुला_रसायन

मी न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं. कुठल्या ते लिहीत नाही. आमच्याकडे येणारी पाकिटं बघून खटल्याचं भविष्य सांगता येतं.

रक्ताने भिजलेला शर्ट ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर घट्ट गाठ मारून पाठवलेला असतो. आमच्यापर्यंत येईतो त्याला बुरशी लागलेली असते. उघडल्यावर वास येतो तो रक्ताचा नसतो, कुजल्याचा असतो. त्यातून डीएनए काढायचा कसा? कपडा सावलीत वाळवायचा, कागदी पाकिटात घालायचा, प्रत्येक वस्तू वेगळी. आरोपीचे आणि मयताचे कपडे एकाच गाठोड्यात आले तर रक्त कोणाचं कोणाला लागलं हे देवही सांगू शकणार नाही. पोस्टरवर लिहून ठेवावं इतकं साधं आहे हे.

दुसरं, सील. लाखेचं सील, त्याचा नमुना ठसा, लेबलवर पंचांच्या सह्या, आणि मुद्देमाल कोणत्या तारखेला ठाण्यातून निघून कोणाच्या हातून आमच्याकडे आला याची नोंद. जप्ती ३ तारखेची आणि आमची पोच पुढच्या महिन्यातली असेल तर मधले दिवस ते पाकीट कुठे होतं? मुद्देमाल कारकुनाची नोंदवही कोर्टात आणली नाही तर आमचा अहवाल कितीही पक्का असो, बचाव पक्ष एका प्रश्नात तो बाजूला सारतो. (वकीलसाहेब हसत असतील, पण हेच होतं.)

उशिराबद्दल आम्हाला बोल लावतात. कलिन्याला मुख्य प्रयोगशाळा, शिवाय नागपूर, पुणे, औरंगाबाद, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर. एवढ्या मोठ्या राज्याची दारूबंदीपासून खुनापर्यंतची सगळी पाकिटं तिथे येतात. दारूच्या बाटल्यांच्या नमुन्यांखाली बलात्काराचे नमुने अडकून पडतात, याचं मला आयुष्यभर वाईट वाटलं. नव्या कायद्यात सात वर्षं आणि त्यावरच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक आहे, राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. गाड्या येतील. गाडीत बसणारी प्रशिक्षित मुलं-मुली कायमस्वरूपी भरा, कंत्राटी नकोत. कंत्राट संपून गेलेल्या मुलीला पाच वर्षांनी साक्षीला कोण शोधून आणणार?

---

प्रवराकाठ

विदुलाताई, हसत नाही. तुमच्या प्रतिसादाची प्रत काढून इथल्या वकिलांच्या बार रूममध्ये लावावीशी वाटते. नोंदवहीचा मुद्दा शंभर टक्के खरा.

---

भाऊ_नाशिककर

सरकारी नोकर आहे, पंच म्हणून गेलो होतो. घरफोडीची जप्ती. त्या दिवशी सगळं व्यवस्थित झालं, दागिने माझ्यासमोर मोजले, वजन केलं, सह्या घेतल्या. साक्षीला बोलावणं आलं तेव्हा माझी दोनदा बदली झाली होती. वकिलांनी विचारलं, कपाट कोणत्या रंगाचं होतं, खोलीला खिडक्या किती, तुमच्या डावीकडे कोण उभं होतं. मला खरंच आठवेना. नाही आठवत म्हटलं तर पंच खोटा, अंदाजाने सांगितलं आणि चुकलं तरी पंच खोटा. बाहेर आल्यावर आरोपीचा भाऊ माझ्याकडे बघत उभा होता. कोणी मला स्टॅंडपर्यंत सोडायलाही आलं नाही.

आता जप्तीचं मोबाइलवर चित्रीकरण सक्तीचं झालंय ना? मग पंचाची स्मरणशक्ती तपासायची गरजच काय?

---

हवालदार_निवृत्त

भाऊ, चित्रीकरणाने निम्मं ओझं उतरेल. पण शूटिंग सुरू करण्याआधी काय झालं हा प्रश्न वकील विचारणारच. आणि ती फाइल अपलोड व्हायला डोंगरात रेंज लागते. माझा पुतण्या खात्यात आहे, तो सांगतो की कधी कधी रेंज मिळेपर्यंत टेकडीवर जाऊन थांबावं लागतं.

---

जालनेकर

चित्रीकरणाबद्दल एक भर. फाइल असून भागत नाही, ती कोणत्या यंत्रातून कशी घेतली याचं प्रमाणपत्र सोबत लागतं. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब, आता नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा नियम पक्का केला तो आमच्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. सीसीटीव्हीत आरोपी स्पष्ट दिसतो आणि दुकानदाराचं प्रमाणपत्रच घेतलेलं नाही, म्हणून फुटेज वाचलं जात नाही. शिवाय बऱ्याच दुकानांचं रेकॉर्डिंग पंधरा-वीस दिवसांत आपोआप पुसलं जातं. पोलीस विसाव्या दिवशी गेले की झालं.

---

लोकलवाली

तुम्ही सगळे गावपातळीचं लिहिताय, पण ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांचं काय? १८० हून जास्त माणसं गेली. माझ्या बिल्डिंगमधले एक काका त्यात गेले. २०१५ ला विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं, पाच फाशी, सात जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना सोडलं. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. काकूंना मी काय समजावू? हे निर्दोष असतील तर यांची एकोणीस वर्षं कोणी खाल्ली? आणि दोषी कुठे आहेत? एवढी मोठी यंत्रणा, एवढा पैसा, तिथे तर रेंज नव्हती असं नाही ना?

---

प्रवराकाठ

@लोकलवाली, तुमच्या रागात मी सहभागी आहे. उच्च न्यायालयाने दाखवलेल्या त्रुटी वाचल्या तर त्या थेट आमच्या तालुका कोर्टातल्या आहेत. ओळख परेड ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने घेतली त्याचे अधिकार तेव्हा संपलेले होते. टॅक्सीवाले साक्षीदार स्फोटांनंतर शंभरहून जास्त दिवसांनी पुढे आले, इतक्या दिवसांनी चेहरा कसा लक्षात राहिला याचं पटेल असं कारण आलं नाही. जप्त स्फोटकं नीट सील करून नीट राखली गेल्याचं सिद्ध झालं नाही. कोणत्या प्रकारचे बॉम्ब होते हेही सरकार पक्षाला नक्की सांगता आलं नाही. आणि कबुलीजबाब छळ करून घेतल्याचं, एकमेकांची नक्कल असावी इतके सारखे असल्याचं न्यायालयाचं मत पडलं.

मारझोड करून मिळवलेली कबुली ही तपासातली सगळ्यात महागडी गोष्ट आहे. ती मिळाली की बाकीचा पुरावा गोळा करायची घाई संपते, खरा गुन्हेगार असेल तर तोही निसटतो, आणि वीस वर्षांनी मयतांच्या घरच्यांना पुन्हा पहिल्यापासून रडावं लागतं. आरोपीचा वकील म्हणून हे बोलत नाही. गुन्हेगार पकडला जावा असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने तरी थर्ड डिग्रीचं समर्थन करू नये.

सर्वोच्च न्यायालयात अपील आहे, तिथे काय ठरेल ते ठरेल.

---

सदाशिव_पेठेतली

एक उलट उदाहरण. डॉ. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला. पुणे पोलीस, मग २०१४ ला सीबीआय, दोषारोप ठेवायलाच २०२१ उजाडलं. निकाल १० मे २०२४. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, बाकी तिघे पुराव्याअभावी सुटले. या निकालात एक गोष्ट माझ्या काळजाला भिडली. प्रत्यक्षदर्शी म्हणून जे उभे राहिले त्यांत महापालिकेचा एक सफाई कामगार होता. सकाळी पुलाजवळ कामावर असलेला माणूस. एवढ्या मोठ्या खटल्यात, एवढ्या वर्षांनी, कोर्टात जाऊन आरोपींना ओळखलं, उलटतपास सोसला आणि फिरला नाही. त्याच्यापाशी ना पैसा ना ओळखी.

आणि त्याच निकालात न्यायाधीशांनी म्हटलंय की खरा सूत्रधार दुसराच कोणी आहे आणि तो शोधण्यात पोलीस आणि सीबीआय दोघेही कमी पडले. कामगाराने आपलं काम केलं. पगारी तपास यंत्रणेनेही ते करायला हवं होतं.

---

सह्याद्री_८२

या प्रतिसादानंतर माझा सूर थोडा खाली आणतो. पण मग खर्ड्यात कोणीच का उभं राहिलं नाही?

---

सदाशिव_पेठेतली

कारण पुलावरच्या कामगाराला मारेकऱ्यांच्या शेजारी राहायचं नव्हतं. खर्ड्यात शाळा, दुकान, शेत, सगळं एकाच गावात. शहरातला साक्षीदार गर्दीत हरवू शकतो, गावातला नाही. सोनईचा खटला नाशिकला गेला हे त्या दृष्टीने मला फार महत्त्वाचं वाटतं.

---

माळरान

बरेच दिवस फक्त वाचतोय, आज विचारायची वेळ आली म्हणून खातं उघडलं. माझ्या चुलतभावाने शेताच्या वादातला एक खुनी हल्ला पाहिलाय. पोलिसांनी जबाब घेतला. आता समोरच्यांची माणसं रोज संध्याकाळी वस्तीवर येऊन बसतात. बोलत काही नाहीत, नुसतं बसतात. वहिनी म्हणतात, तोंड बंद ठेवा, आपल्याला लेकरं आहेत. वकीलसाहेब, काही करता येतं का? की गप्प बसावं?

---

प्रवराकाठ

@माळरान, करता येतं आणि उद्याच करा.

एक. ही माणसं येऊन बसतात त्याची तारीख, वेळ, नावं, गाडीचे नंबर वहीत लिहायला लागा. जमलं तर लांबून व्हिडिओ घ्या, समोर जाऊन नको. काही बोलत नसले तरी रोज येऊन बसणं ही धमकी आहे हे नोंदींवरूनच दाखवता येतं.

दोन. भावाचा जबाब दंडाधिकाऱ्यासमोर झालाय का विचारा. नसेल तर तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की तो नोंदवून घ्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वहिनींना हे समजावून सांगा की तो जबाब एकदा झाला की भावाला गप्प करून समोरच्यांना पूर्वीइतका फायदा उरत नाही. त्यांची सुरक्षितता त्यात आहे.

तीन. साक्षीदार संरक्षणाचा अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ ला मान्य केलेली योजना देशभर कायद्यासारखी लागू केली आणि नव्या संहितेच्या कलम ३९८ नुसार प्रत्येक राज्याला अशी योजना करावीच लागते. २०१८ च्या योजनेत हा अर्ज जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असलेल्या समितीपुढे जातो. साक्षीदार स्वतः, घरचं माणूस किंवा वकील, कोणीही करू शकतो. धोका किती आहे याचा अहवाल पोलिसांनी पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो, आणि तोवर तातडीचं संरक्षणही मागता येतं. घराजवळ गस्त, कोर्टात नेण्या-आणण्यासाठी पोलीस, बंद दालनात साक्ष, व्हिडिओवरून साक्ष, वेळ पडली तर काही काळ दुसरीकडे राहण्याची सोय, हे सगळं त्यात बसतं. बंदूकधारी पोलीस चोवीस तास मिळेल अशी आशा धरू नका. पण अर्ज गेला आणि ठाण्यातून दोनदा गाडी वस्तीवर फिरून गेली, तरी संध्याकाळी येऊन बसणारे विचार करतात, हे मी पाहिलंय.

जिल्हा न्यायालयात सरकारी वकिलांच्या कार्यालयात जा, अर्जाचा नमुना मागा. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर त्याच आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे. टाळाटाळ झाली तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.

तालुका व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून कळवा. ओळखीचा माणूस असेल तर भावाबरोबर जायला सांगतो.

---

हवालदार_निवृत्त

माळरान, मलाही व्यनि करा. आमच्या जिल्ह्यातलं ठाणं असेल तर मी स्वतः येतो भावाबरोबर.